गावातलं घर विकायचं आहे, पाहणारे म्हणतात ‘अंदर अंधार हाय’. लाईटिंगवर किती खर्च करावा?

दारव्ह्याचा_पाहुणा

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यातलं आमचं घर विकायला काढलंय. आजोबांनी बांधलेलं, समोर ओसरी, मग बैठकीची खोली, मागं माजघर, त्याच्यामागं स्वयंपाकघर आणि मग टिनाची पडवी न् परसात विहीर. समोरच्या दोन खोल्यांवर कवेलू (कौलं), सागाच्या बल्ल्या अजून ठणठणीत, मागं टिन. मी नोकरीमुळं अमरावतीला, आईलाही इकडंच आणलं, आता घराला कुलूप असते आणि बंद घर किती दिवस टिकणार.

गिऱ्हाईक येत नाही असं नाही. कापसाचे पैसे हाती आले की गावात चौकशा सुरू होतात हे तुम्हाला माहीतच आहे. पण जो येतो तो ओसरीत खुश असतो, बंगईवर बसून दोन झोके घेतो आणि माजघरात पाय टाकला की त्याचं तोंड उतरते. “अंदर अंधार हाय बा” म्हणते आणि तिथून भाव पाडायला सुरुवात. माजघराला खिडकीच नाही, दोन्ही बाजूंनी भाऊबंदांच्या भिंती लागून आहेत. भिंतींना कमरेएवढा गर्द हिरवा ऑइलपेंट, त्याच्यावर पिवळट डिस्टेंपर, आणि दिवा म्हणाल तर मधोमध लोंबणारा एक होल्डर.

एका फिटिंगवाल्याला दाखवलं तर तो म्हणे सगळीकडं पीओपीची फॉल सीलिंग करू, कडेनं एलईडी पट्टी, बैठकीत रंग बदलणारे लाईट, ६० हजारात घर चमकवून देतो. ऐकायला बरं वाटलं पण घरच विकायचं आहे तर त्यात ६० हजार घालावे का, आणि घातले तर ते वसूल होतात का? कमी पैशात लाईटचं काही करता येते का हे विचारून राहिलो. खेड्यातल्या घराबद्दलच सांगा, फ्लॅटचे व्हिडिओ यूट्यूबवर भरपूर पाहून झाले.

खंब्यावरचा_वायरमन

भाऊ, पहिले त्या ६० हजाराले हात जोडा. कवेलूच्या खाली पीओपी करणं म्हंजे उंदरांले माडी बांधून देणं हाय. पावसाळ्याच्या आधी कवेलू फेरता का नाही? फेरताना माती खाली येते, ते सारी पीओपीवर पडन. आन एखादा कवेलू सरकला त पाणी वरच्यावर साचन, तुमाले पत्ताच लागणार नाही, डायरेक्ट पिवळा डाग दिसन. इचू-काट्याची गोष्ट त सोडूनच द्या. सागाच्या बल्ल्या हायेत म्हणता, त्या झाकून कायले टाकता? खेड्यात घर घेणारा माणूस पहिले वर पाहते, लाकूड कोणतं हाय, किडलं का चांगलं हाय. झाकलेलं दिसलं की त्याले वाटते काहीतरी लपवलं.

आता वायरिंगचं. आजोबाच्या जमान्याचं घर हाय म्हंजे लाकडी पट्टीवर क्लिपा ठोकून वायर नेली असन, काळे गोल बटणं असतीन. LED लावाले वायर बदलाची गरज नाही, ६० वॅटचा गुलोप काढून ९ वॅटचा LED लावला त लोड कमीच होते आन उजेड उलटा जास्त भेटते. पण गिऱ्हाईक मिस्त्री संग घेऊन आलं त तो बोर्ड उघडून पाहणारच. म्हणून मेन पाशी चांगले एमसीबी (लोड वाढला की आपोआप पडणारे बटणं), एक ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा) आन अर्थिंग, येवढं करून ठेवा. हा खर्च दिसत नाही पण “लाईनचं काम नवं हाय” हे सांगता येते, आन हे सांगणं रंगीत पट्टीपेक्षा जास्त चालते.

बल्ब कुठं लावाचा हे त कोणी पाहतच नाही. दारातून घुसलं की समोरच्या भिंतीवर उघडी ट्यूब असते, तिचा उजेड सरका डोळ्यात, मंग बाकीची खोली काळीच दिसते. ट्यूब दाराच्या वरच्या भिंतीले लावा, म्हंजे येणाऱ्याच्या पाठीमागून समोरच्या भिंतीवर उजेड पडते. आन पंख्याच्या वरती बल्ब कधीच नोको, पातं फिरलं की सारी खोली लपलप करते, माणसाचं डोकं दुखते पण काहून दुखते ते त्याले समजत नाही.

सांजच्याले गावात व्होल्टेज पडते तवा जुनी चोकवाली ट्यूब फडफडते. ते काढूनच टाका, LED बॅटन (ट्यूबसारखी लांब LED पट्टी) कमी व्होल्टेजवर बी सरळ जळते.

वर्धाकाठची

मी विकणारी नाही, घेणारी आहे म्हणून लिहिते. आम्ही आत्ताच पुलगावच्या बाजूला गावात घर घेतलं, त्याच्याआधी बरीच पाहिली. सगळ्यात जास्त राग कशाचा यायचा सांगू? भर दुपारी घर पाहायला जावं तर घरातले सगळे लाईट चालू. त्यांना वाटते छान दिसते, मला वाटायचं की मग बंद केल्यावर काय दिसत असेल. मी सरळ म्हणायची, दादा एकदा सगळे बंद करा हो. एका घरी बंद केले तर स्वयंपाकघरात ओटा कुठं संपते तेही दिसेना. खेड्यात दिवसा लाईट लावून राहायची आपल्याला सवय नाही न् लाईट जाते ते वेगळंच.

म्हणून दादा, आधी दिवसाचा उजेड. तुम्ही कूलरचं काही लिहिलं नाही पण मी पैजेवर सांगते की बैठकीच्या खिडकीत कूलर बसवलेला असणार. आपल्याकडं होळी झाली की कूलर चढते आणि कित्येक घरी तो उतरतच नाही, बारा महिने तिथंच. घरातली एकुलती एक मोठी खिडकी, त्याच्यात तो टिनाचा डब्बा न् बाजूच्या फटींना पुठ्ठे कोंबलेले. तो काढा, खिडकी धुवा, जाळीवरची धूळ झटका, अर्ध्या घराचा अंधार जाते. उन्हाळ्यात दाखवत असाल तर कूलर स्टँडवर बाहेर सरकवून ठेवा, पाहणाऱ्याला कूलरची जागा पण कळते न् खिडकी पण.

दुसरी गोष्ट म्हणजे अंगणावरची हिरवी नेट. सावली मिळते मान्य, पण त्याच्याखालून येणारा उजेड हिरवा पडते, भिंती हिरव्या, माणसं हिरवी, सगळे आजारी असल्यासारखे दिसतात. घर दाखवायच्या दिवशी गुंडाळून बाजूला करा.

आणि बाया काय पाहतात ते ऐका, कारण घर पसंत करायला शेवटी बाईच येते. मी पाहिलं ओटा, न्हाणी, आणि रात्री संडासपर्यंत जायला उजेड आहे का. आम्ही घेतलेल्या घरात मागच्या दारापासून विहिरीपर्यंत न् संडासपर्यंत दोन बल्ब होते, साधेच, पण बटण मागच्या दाराच्या आतल्या बाजूला. पावसाळ्यात पायाखाली काय असते ते तुम्हाला सांगायला नको. माझ्या सासूबाईनं ते बटण चालू-बंद करून पाहिलं न् बाहेर येऊन म्हणाल्या, घर बरं आहे. बैठकीतलं झुंबर होतं दुसऱ्या एका घरी, त्याच्याकडं त्यांनी पाहिलं पण नव्हतं.

ओट्यावरचा दिवा ओट्याच्या वरच लावा, पाठीमागं नको. मधल्या बल्बमुळं आपलीच सावली कढईत पडते.

प्लॅन_एलिव्हेशन

नागपूरला इंटिरिअरची कामं करतो, मूळ गाव काटोलकडं. पीओपीबद्दल वायरमन काकांशी १०० टक्के सहमत.

मला रंगाबद्दल बोलायचंय, म्हणजे उजेडाच्या रंगाबद्दल. बल्बच्या डब्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे पांढरा निळसर, ज्याला कूल डेलाइट म्हणतात. आपल्याकडं गावातल्या दुकानात बहुतेक करून ६५०० चाच मिळतो, म्हणून सगळी घरं रात्री निळी दिसतात. सागाचं लाकूड, कवेलू, शेणानं सारवलेली जमीन हे सगळे तपकिरी-तांबडे रंग, ते निळ्या उजेडात मेल्यासारखे दिसतात. माझं म्हणणं सगळीकडं ३००० लावा. घरात शिरताच बरं वाटलं पाहिजे. आणि बल्ल्यांच्या खाली भिंतीच्या माथ्यावर एक बॅटन अशी ठेवा की ती खालून दिसणार नाही आणि तिचा उजेड वर कवेलूवर पडेल, पूर्ण छत उजळते, खर्च एका बॅटनचा. फक्त त्याआधी जाळे-जळमटं काढा, नाहीतर तीच आधी दिसतील.

शक्य असेल तर सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० वाला बल्ब घ्या, साध्याला ८० असतो, लाकडाच्या रंगात फरक कळतो.

खंब्यावरचा_वायरमन

भाऊ तुमचं नागपुरात बरोबर असन, इथं पिवळा लाईट लावसान त गिऱ्हाईक काय म्हणते माहीत हाय? “व्होल्टेज कमी हाय का बा?” खेड्यात पिवळा उजेड म्हंजे जुना ४० चा गुलोप, डिम लाईन, गरिबी. लोकाईनं लय वर्ष पिवळ्या उजेडात काढले, २०१५ नंतर सरकारी उजाला योजनेचे स्वस्त LED आले तवा कुठं घरोघरी पांढरा उजेड पडला. आता त्याले पुन्हा पिवळं दाखवता? मी लग्नाच्या घरी वॉर्म लावून दिले होते, चार दिवसात फोन, काका हे बदलून द्या, पाहुणे हसून राहिले.

प्लॅन_एलिव्हेशन

हे मान्य आहे काका, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. मग असं करू, माजघर, स्वयंपाकघर, बैठक ४००० चे, ज्याच्यावर न्यूट्रल किंवा नॅचरल व्हाइट लिहिलेलं असते. पांढराच दिसतो पण निळा नाही. गावात नाही मिळाला तर यवतमाळला मिळेल. आणि देवघर न् ओसरी तेवढी ३००० ठेवू द्या, तिथं पिवळ्याला कोणी व्होल्टेज म्हणत नाही, देवापाशी पिवळाच उजेड पाहिजे असतो. पण एका खोलीत दोन रंग नको. एक बल्ब निळा एक पिवळा असं असलं की खोली भांडून राहिल्यासारखी दिसते आणि फोटोत तर फारच.

धानपट्टा

भंडारा जिल्ह्यातून लिहितो, लाखनीकडचा. ओसरीला आमच्याकडं सपरी म्हणतात, तिथं पिवळा लाईट लावायचं आणखी एक कारण आहे जे कोणी बोललं नाही. किडे! आमच्याकडं धान निसवायच्या वेळी संध्याकाळी पांढरा लाईट लावून पाहा, तुडतुडे न् चिलटं इतकी येतात की जेवण उचलून आत न्यावं लागते. निळसर पांढऱ्या उजेडाकडं किडे जास्त ओढले जातात, पिवळ्याकडं कमी. सोयाबीन-कपाशीच्या भागातही पावसाळ्यात तेच. गिऱ्हाईक जर सांजच्याला सपरीत चहा पीत असेल न् कपात किडा पडला तर काय इज्जत राहिली.

माजघराला खिडकी नाही म्हणता तर वरून उजेड घ्या ना. कवेलूच्या घरात काचेचे कवेलू बसवायची पद्धत जुनीच आहे, चार-पाच कवेलू काढून त्याच मापाचे काचेचे बसवायचे, आमच्या घरी आज्याच्या वेळचे आहेत. मागच्या टिनावर फायबरची पारदर्शक शीट मिळते, टिनाच्या नाल्या जशा आहेत तशाच नाल्यांची घ्या म्हणजे एकावर एक बसते, आणि स्क्रूखाली रबराचं वायसर विसरू नका नाहीतर तिथूनच गळते. दुधी रंगाची घ्या, एकदम साफ नको. साफ असली की जमिनीवर उन्हाचा चौकोन पडते आणि बाकी खोली होती तशीच अंधारी वाटते, दुधीमधून उजेड पसरते.

पण उन्हाळा लक्षात ठेवा बाप्पा. यवतमाळ काय भंडारा काय, मे महिन्यात ४४-४५ ला पारा जाते न् सूर्य पार डोक्यावर असते, तेव्हा कोणत्याही उतारावर तापणारच. म्हणून एका खणाला थोडीच काच, आणि पश्चिम उतारावर मुळीच नाही, तिथून दुपारनंतरचं ऊन घुसते. उत्तरेचा उतार असेल तर उत्तम, हिवाळ्यात ऊन तिरपं लागते, उजेड भेटते, चटका नाही.

फळा_खडू

पुसदला शाळेत विज्ञान शिकवतो. घर विकण्याचा अनुभव नाही पण उजेडाचं गणित सांगू शकतो, आणि एक युक्ती आहे जिला रुपयाही लागत नाही.

आधी युक्ती. आपल्याकडं दुपारी बाहेर उन्हात साधारण १ लाख लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड असतो आणि घराच्या आत माजघरात समजा ५० लक्स. डोळ्याला एवढी उडी लगेच जमत नाही, उन्हातून सरळ आत आलेल्या माणसाला पहिली काही मिनिटं चांगली उजेडाची खोली पण काळी दिसते. तुमचं गिऱ्हाईक फटफटीवरून उतरते, उन्हातून येते आणि तुम्ही त्याला थेट माजघरात नेता, तो म्हणणारच अंधार आहे. त्याला ओसरीत बसवा, पाणी द्या, चहा द्या, पोरंबाळं शेतीवाडी विचारा, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. मग बैठकीत, तिथं कागदपत्रं दाखवत थोडं थांबा, आणि मग माजघरात. तीच खोली त्याला वेगळी दिसेल. यात फसवणूक काही नाही, तिथं राहणाऱ्या माणसाचे डोळे तसेच सरावलेले असतात.

आता तुमचा हिरवा ऑइलपेंट. ताजा पांढरा चुना त्याच्यावर पडलेल्या उजेडातला साधारण ८० टक्के परत फेकतो. गर्द हिरवा किंवा निळा रंग २० टक्क्यांच्या आतबाहेर. म्हणजे बल्ब तोच, पण भिंतच उजेड खाऊन टाकते. दहा बाय बाराची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. राहण्याच्या खोलीला १५० लक्स पुरतात, म्हणजे जमिनीपर्यंत साधारण १६५० ल्युमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) पोचले पाहिजेत. २० वॅटची LED बॅटन २००० ल्युमेनच्या जवळपास देते. पांढऱ्या भिंतीत ती एकटी जवळजवळ भागवते, हिरव्या भिंतीत दोन लावल्या तरी कोपरे काळेच राहतात. म्हणून माझ्या मते लाईटच्या आधी रंग. आणि वॅट पाहून बल्ब घेऊ नका, डब्यावर ल्युमेन लिहिलेले असतात ते पाहा.

मातीच्या भिंती असतील तर चुनाच द्या, थोडी नीळ टाकून. ऑइलपेंट ओल आत कोंडून धरतो. चुना लावण्याआधी मात्र तो खरवडून काढावा लागेल, त्याच्यावर चुना धरत नाही. ते काम किचकट आहे, मजूर लागेल.

दारव्ह्याचा_पाहुणा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. ताई, कूलरची पैज तुम्ही जिंकल्या, बैठकीच्या खिडकीत आहे, पुठ्ठ्यासकट. त्याच्यामागं खिडकी आहे हे मी पण विसरून गेलो होतो.

पीओपी कॅन्सल. कवेलूवाल्या माणसाला बोलावतो, माजघरावर काचेचे कवेलू आणि स्वयंपाकघराच्या टिनावर दुधी शीट. हिरवा पेंट खरवडायला लावतो. मेनचं काम वायरमन काकांनी सांगितलं तसं.

अजून दोन गोष्टी विचारतो. विहिरीकडच्या भिंतीला खालून ओल आहे, हातभर, तिथं लाईट कसा ठेवावा? मित्र म्हणते त्या कोपऱ्यात बल्बच नको लावू. आणि पुण्याचा एक पार्टी फोटो मागून राहिला, रिटायर होऊन गावाकडं येणार आहे, त्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचे, मोबाईलनं काढले तर गुहेसारखे येतात.

वर्धाकाठची

ओलीचा कोपरा अंधारात ठेवू नका दादा. मी तर घर पाहताना जो कोपरा अंधारा असेल तिथंच मोबाईलचा टॉर्च मारायची, माझ्यासारख्या खूप आहेत. सांगून टाका की विहिरीमुळं इथं ओल आहे आणि भावात थोडं पाहू. सौदा झाल्यावर पावसाळ्यात निघाली तर गावात तुमच्या नावानं शिव्या, आणि भाऊबंद तिथंच राहतात तुमचे.

प्लॅन_एलिव्हेशन

ताईंशी सहमत. फक्त एवढं पाहा की भिंतीला अगदी चिकटून, वरून खाली उजेड सोडणारा लाईट कुठंच नको. तसा तिरपा उजेड भिंतीवरचा प्रत्येक उंचवटा न् पोपडा दुप्पट दाखवतो, नसलेला दोष पण असल्यासारखा. फिटिंगवाल्याच्या कडेच्या LED पट्टीनं तेच झालं असतं, जुनी भिंत सरळ कुठं असते. दिवा भिंतीपासून दोन-तीन फूट लांब असला की भिंत आहे तशी दिसते, ना जास्त ना कमी.

फोटोचं म्हणाल तर दिवसा काढा, सकाळी ९-१० च्या सुमारास, सगळी दारं-खिडक्या उघडून आणि आतले लाईट बंद करून. दिवसाचा उजेड न् बल्ब एकत्र आले की मोबाईलला कळत नाही, अर्धी भिंत निळी अर्धी पिवळी येते. खिडकीकडं तोंड करून काढू नका, खिडकीकडं पाठ करून काढा. गुहा त्याच्यामुळंच होते, मोबाईल उजेडाच्या खिडकीला पाहून बाकी खोली काळी करतो. नाइलाज असेल तर स्क्रीनवर अंधाऱ्या भागावर बोट टेकवा, उजेड वाढतो. मोबाईल छातीएवढ्या उंचीवर आणि सरळ धरा. फ्लॅश बंद. माजघरात दिवसाचा उजेडच नसेल तर तिथं मात्र लाईट लावून काढा, पण काचेचे कवेलू बसल्यावरच काढलेला बरा.

एक फोटो मात्र संध्याकाळचा, ओसरीचा. सूर्य बुडाल्यावर पंधरा-वीस मिनिटं आभाळ निळं राहते, त्यावेळी ओसरीतला पिवळा बल्ब आणि देवघरातला दिवा लावून, अंगणातून समोरून. रस्त्यावरची फटफटी बाजूला करा. पुण्याच्या माणसाला तोच फोटो पहिला पाठवा.

फळा_खडू

पुण्याच्या माणसाला भाव कमी-जास्त करण्याआधी कागद लागतील. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा कोणाच्या नावावर आहे? आजोबांच्याच असेल तर वारसांची नोंद आधी करून घ्या, आणि स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक पण काढा. विषय लाईटचा आहे पण राहवलं नाही.

दारव्ह्याचा_पाहुणा

सर, नमुना ८ आईच्या नावावर झालेला आहे. मालमत्ता पत्रकाचं पाहतो. मीटर मात्र अजून आजोबांच्याच नावानं आहे, आणि घर बंद म्हणून मी ते कापून टाकायच्या विचारात होतो, दर महिन्याला फुकटचं बिल येते.

खंब्यावरचा_वायरमन

कापू नोका, अजिबात कापू नोका! लाईन कापलेल्या घरात काय दाखवता, टॉर्च? पुन्हा जोडाले अर्ज, चकरा, पैसे, आन गिऱ्हाईकाले वाटते थकबाकी असन. मिनिमम बिल भरत राहा, शेवटच्या बिलाची पावती फाइलीत लावा, नाव बदलाचा अर्ज आईच्या नावानं टाकून द्या, सौदा झाला की मंग घेणारा आपल्या नावानं करन.

आन धानपट्टा भाऊ, ते काचेचे कवेलू तुमच्याकडं कुठं भेटतात ते लिहा ना, दारव्ह्याकडं आता सहज भेटत नाहीत.

धानपट्टा

नवे आमच्याकडंही मुश्किलच आहेत. पाडलेल्या घरांचा माल विकणारे असतात ना, सागाची दारं-खिडक्या रचून ठेवलेल्या दिसतात बघा, त्यांच्याकडं विचारा. कवेलूचा एक नमुना सोबत घेऊन जा, इंग्रजी कवेलू न् देशी कवेलूचं माप वेगळं असते. नाहीच भेटले तर कवेलू फेरणाऱ्यालाच सांगा, तो तेवढ्या जागेत कवेलूखाली दुधी फायबरचा तुकडा सारून देते, वरून दोन ओळी कवेलू काढल्या की झालं. कडेनं पाणी मुरणार नाही एवढा तुकडा वरच्या ओळीखाली लांब घ्यायला सांगा.